वरचे नव्वद ग्रॅम

१

"साडेतीन किलो तेल कमी आहे," माझा भाऊ महेश वजनकाट्यावरून मान वर करत म्हणाला, आणि देवळासमोर जमलेल्या सगळ्या वस्तीने एकदम नवसामावशीकडे बघितलं.

मावशीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

आमची मळेवस्ती नाशिकहून गाडीने अर्ध्या तासावर, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी. चाळीस घरं, सगळी फुलं आणि भाजी पिकवणारी. आषाढात मळाई देवीचा भंडारा असतो, आणि त्याच्या पुऱ्यांचं तेल विकत आणत नाहीत, प्रत्येक घर देतं. घरटी एक किलोची एक पिशवी. ती अमावास्येला देव्हाऱ्यात ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि भंडाऱ्याच्या आदल्या संध्याकाळी देवळात नेऊन दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये ओतायची. त्या दिवशी वस्तीत कुणी तेल विकत नाही, घेत नाही, उसनंही देत नाही. आणि ओतताना कॅनवर नवसामावशी मळाईआईचं जुनं लुगडं धरून उभी राहते. बाईने पिशवी पदराआड घेऊन यायचं, लुगड्याखाली हात घालायचा, ओतायचं आणि बाजूला व्हायचं. कुणी काय घातलं ते आईने बघावं, माणसाने बघू नये, असा रिवाज. ओतून झालं की झाकणाला लाल दोरा बांधतात, तो सकाळी आचारीच तोडतो.

आजवर ते तेल कुणी मोजलं नव्हतं. पण यंदा महेशने फुलांसाठी नवा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता, आणि तेव्हापासून तो समोर येईल ते वजन करत सुटला होता. परवा म्हणे पाहुण्यांच्या तान्ह्या पोराला काट्यावर निजवलं! रिकामा कॅन त्याने झाकणासकट आदल्या दिवशीच काट्यावर ठेवून आकडा शून्य करून ठेवला होता. आज सकाळी लाल दोऱ्यासकट भरला कॅन चढवला. काट्याने दाखवलं छत्तीस किलो चारशे नव्वद ग्रॅम.

"चाळीस घरं, चाळीस किलो," महेश गरजला. "राहिलेलं कुठं गेलं? रात्रभर देवळाची किल्ली कुणाकडं होती?"

किल्ली मावशीकडे होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

"दुपारच्या आरतीला आईपुढं नाक घासायचं," महेश म्हणाला. तो भंडारा मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे त्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. "आणि लुगडं दुसऱ्या घरी द्यायचं."

मावशीच्या आजेसासूपासून ते लुगडं त्या घरात होतं. मावशीला ना नवरा ना मूल. वस्तीत तिला जो काही मान होता, तो त्या लुगड्याचा होता.

आणि तरीही ती म्हणाली, "घासते."

२

मी प्रतिभा. नाशिकला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दोन वर्षांपूर्वी खताच्या पोत्यातली भेसळ पकडून दिली, तेव्हापासून माहेरी मला "डिटेक्टिव्ह ताई" म्हणतात. मी तोंडाने "काय तरीच!" म्हणते, पण खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

आदल्या दिवशी दुपारी मी न कळवताच आले होते. सोबत आमचे हे, किशोर. महेशला इतका आनंद झाला की त्याने ओट्यावरूनच हाक मारली, "सुवर्णा, ताई आली गं! भजी टाक!" सुवर्णा माझी भावजय. वस्तीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, बोलते कमी. ती दारात येऊन क्षणभर थांबली. मीच म्हटलं, "ओव्याच्या पानांची कर गं, तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत." मग मशीनवरची झिगझॅग कात्री हातात घेऊनच ती आत गेली. मला हसू आलं. शिंपिणीचं घर, तेलाची पिशवीसुद्धा दातेरी कापतात!

भजी फर्मास झाली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतली. किशोरनी आणि महेशने तर ताटंच्या ताटं संपवली.

असो. सकाळचं प्रकरण ऐकून मला जोर चढला. मावशी देवळामागच्या पायरीवर बसली होती, तिथे गेले.

"मावशी, तू घेतलंस का तेल?"

"मी एकटी बाई. साडेतीन किलो तेलाचं काय लोणचं घालू?"

"मग नाही म्हण ना सगळ्यांसमोर!"

"तू कशाला पडती यात, पोरी? नाक घासल्यानं कुणी मरत नाय."

"लुगडं जाईल."

यावर तिचे डोळे भरले. पण ती उठून गेली. जी बाई चोर नाही ती नाही का म्हणत नाही, हे कोडं मला तेलापेक्षा मोठं वाटलं. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती.

३

पुंजा आचारी निफाडकडचा, दरवर्षी येणारा. तो चुलाणापाशी पिठाचे गोळे करत होता.

"पुंजाभाऊ, कॅन उघडलात?"

"दोरा तुटल्याबिगर हात नाय लावत, ताई. आन तुमच्या भावानं तर काट्यावरून उतरवूनच दिला नाय अजून." तो मान हलवत हसला. "पर एक सांगू? काल झाकण लावताना बघितलं, कॅन गळ्याला टेकलाय. दरसाल तेवढाच असतोय. चाळीस पिशव्या, चाळीस लिटरचा कॅन. मला तर काय कमी दिसंना."

मी जागीच थांबले. चाळीस लिटरचा कॅन गळ्याशी भरलेला, आणि वजन छत्तीस किलो! हे कोडं नव्हतंच, हा अकरावीचा तिसरा धडा होता, आणि मी सकाळपासून मावशीच्या तोंडाकडे बघत बसले होते.

धावत भिकनच्या दुकानी गेले. त्याला फळी उघडायला लावली आणि तेलाची एक पिशवी घेऊन देवळापाशी आले.

"महेश, ही किती किलोची?"

"एक किलोची. त्यात काय विचारायचं?"

"ठेव काट्यावर."

त्याने कॅन उतरवून आकडा पुन्हा शून्य केला आणि पिशवी ठेवली. आकडा नऊशेच्या जरासा पुढे जाऊन थांबला.

"भिकन्या, कमी देतोस व्हय रे!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कमी देत नाही तो," मी म्हटलं. "वाचा पिशवीवर. एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. आपण सगळे तिला किलोची पिशवी म्हणतो, पण ती लिटरची आहे. पाणी लिटरभर घेतलं तर हजार ग्रॅम भरतं. तेल हलकं, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. वजनाला लिटरच्या वजनाने भागायचं, म्हणजे किती लिटर ते कळतं. छत्तीस किलो चारशेला नऊशे दहाने भाग, चाळीस येतात. चाळीस घरं, चाळीस पिशव्या. तेल सगळं आहे. चोरी झालीच नाही!"

चारचौघांत महेशचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्यांनी सकाळी मावशीकडे बघितलं होतं ते आता जमिनीकडे बघत होते. दोघीतिघींनी जाऊन तिचे पाय धरले. महेश पुटपुटला, "चुकलं, मावशी," आणि काटा पुसायला लागला.

मी अशी मिरवले म्हणून सांगू! किशोरनी हळूच विचारलं, "छत्तीस चारशे कुठून आणलंस? काट्यावर तर चारशे नव्वद होते. त्याला भागलं तर चाळीसच्या वर शंभर मिलि जास्त येतं, आणि कॅन तर बरोबर गळ्याशी आहे."

"अहो, पॅकिंगमध्ये दोन-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतात," मी म्हटलं आणि बायकांनी आणलेला हार घालून घ्यायला पुढे झाले.

मावशीच्या चेहऱ्यावर मात्र मला आनंद दिसला नाही. ती कॅनकडेच बघत होती.

४

पुंजाने दोरा तोडला, तीन कढया भरल्या, पुऱ्या सुरू झाल्या. कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं ते तो लांब दांड्याच्या ओगराळ्याने तापल्या कढईत भर घालायला घेत होता. तेवढ्यात तोफ उडावी तसा आवाज झाला.

"आई गं!" पुंजा मागे कोसळला. कढईतून तेल उसळून चूल भडकली. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत फोड टरारून आले. बायकांनी त्याला हौदाकडे नेलं. मी कॅन वाकवून आत बघितलं. उरलेलं सगळं काचेच्या बरणीत ओतलं. वर बोटभर तेल, खाली स्वच्छ पाणी.

"पाणी!" महेशला आता दुप्पट चेव आला. "बघितलं का? तेल काढलं आणि पाणी घातलं! ताई, तुझ्या हिशोबानं भरला होता ना कॅन? असा भरला होता!"

आणि सकाळी मावशीचे पाय धरलेल्या बायका दोन पावलं मागे सरल्या. माणसाचं मन किती हलकं असतं बघा, तेलापेक्षाही.

"आरतीला नाक घासायचंच," महेश म्हणाला. आरतीला तासभर उरला होता.

मी बरणी घेऊन पारावर बसले. आता मला ते नव्वद ग्रॅम आठवले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. किशोरनी विचारलं होतं, आणि मी हार घालून घेत होते. तेव्हाच लक्ष दिलं असतं तर पुंजाचा हात भाजला नसता.

लिटरभर तेल नऊशे दहा ग्रॅम. लिटरभर पाणी हजार. एका पिशवीतल्या तेलाच्या जागी पाणी आलं, तर कॅन तेवढाच भरलेला दिसतो, पण वजन बरोबर नव्वद ग्रॅमने वाढतं. चाळीसातली एक पिशवी पाण्याची होती. त्याहून कमी नाही, जास्त नाही.

आणि हे नव्वद ग्रॅम सकाळी, लाल दोरा बांधलेला असतानाच काट्यावर होते. म्हणजे पाणी पुंजाने घातलेलं नाही, त्याने दोरा नंतर तोडला. मावशीने रात्री घातलेलं नाही, दोरा तर सगळ्यांदेखत बांधला होता आणि सकाळी त्याच गाठीत होता. पाणी आत गेलं ते ओतताना, लुगड्याखालून, चाळीस हातांपैकी एका हाताने. महेशचा काटाच मावशीचा साक्षीदार होता.

आणि लुगडं धरणाऱ्या मावशीला तो हात माहीत होता.

५

ओतून झालेल्या रिकाम्या पिशव्या मावशीच्याच घरी जातात. ती त्यांत माती भरून रोपं करते आणि घरोघर वाटते. तिच्या पडवीत पिशव्या उलट्या करून ओळीने वाळत घातल्या होत्या. तेलकट पिशवीवर धूळ बसते, मुंग्या चढतात. सगळ्यांवर होत्या.

"चाळिसावी कुठं आहे, मावशी?" मी विचारलं.

"मोजू नको, पोरी."

"तुला सगळं माहीत आहे. कुणासाठी गप्प बसलीस?"

"अगं, पिशवी हातात आली तर धुतल्यासारखी निर्मळ. ना तेलाचा हात, ना वास. मला वाटलं वजन कमी भरलं ते त्याच्यापायीच. मग बोलू काय? बोलले तर ती पोर जायची." तिने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात मला काहीतरी विचित्र वाटलं. राग नव्हता. कीव होती. "माझं काय, माझं वय झालं. तिला अजून इथंच दिवस काढायचेत."

"मावशी, पुंजा भाजलाय. लोक म्हणतायत तू पाणी घातलंस. मी डिटेक्टिव्ह नाही का, शोधल्याशिवाय राहणार आहे?"

"तू नको शोधू," ती म्हणाली. "कुणीबी शोधू दे, तू नको."

हट्टाने मी तिच्या समोर हात पसरून बसले. शेवटी तिने कमरेला खोचलेली घडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

स्वच्छ, कोरडी पिशवी. कोपरा कापलेला होता. बाकीच्या सगळ्या पिशव्या कुणी दाताने फाडलेल्या, कुणी विळ्याने. ही मात्र दातेरी कापलेली होती, एकसारख्या बारीक दातांनी, ब्लाउजच्या कापडाची कड कापावी तशी.

ओव्याच्या पानांचा वास आला असं वाटलं.

६

सुवर्णा स्वयंपाकघरात पाटावर बसून होती. मी पिशवी पुढे धरली, तेव्हा तिने चेहरा पदरात घेतला.

"घरातलं तेल संपलं होतं, ताई. चार दिवस ह्यांना सांगत होते, आणा म्हणून. ह्यांचं डोकं काट्यात. आणि तुम्ही आलात, हे ओरडले भजी टाक म्हणून, दाजी बसलेले. नाही कशी म्हणू? देव्हाऱ्यातली पिशवी तेवढी होती. म्हटलं, उद्या दुसरी आणून ठेवीन. डोक्यातच नाही आलं की ओतणी आजच संध्याकाळी आहे. कापल्यावर आठवलं."

"मग उरलेलं तेल तरी..."

"उष्टं झालं ना ते! आधी आपण खाल्लं, मग आईला कसं द्यायचं? भिकनचं दुकान बंद. उसनं कुणी देणार नाही. रिकाम्या हाताने अध्यक्षाची बायको कशी जाणार? ह्यांनी मला..." तिने वाक्य सोडून दिलं. मी माझ्या भावाला ओळखते, तिने पुरं करायची गरज नव्हती. "मग वाटलं, उष्ट्या तेलापेक्षा पाणी चालेल. तीच पिशवी साबणाने घासली आणि पाणी भरलं. पाणी शुद्ध असतं. आई रागावायची नाही. पुंजाभाऊ भाजतील हे नव्हतं हो माझ्या मनात. सकाळी मी बोलायला उठले होते. मावशीने डोळ्याने खूण केली, बस म्हणून."

केमिस्ट्रीची मास्तरीण मी! ताटातलं तेल कुठून आलं, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. दारात ती थबकली ते मी बघितलं होतं. कात्री बघितली होती, बघून हसले होते. सगळे पुरावे मी माझ्या हाताने चटणीला लावून खाल्ले होते. शरमेने माझे कान तापले. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती, आणि ती मला वाटायलाच हवी होती.

बाहेर आरतीची घंटा झाली.

"मी सांगते सगळ्यांना," सुवर्णा उठली.

"तू माझ्यामागे उभी राहा," मी म्हटलं.

७

देवळासमोर मधली जागा मोकळी ठेवली होती. मावशी चप्पल काढून पुढे आली, गुडघ्यावर बसली. लुगडं घडी करून तिने महेशपुढे धरलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले.

"ताई, उठ! तू काय करतेस?"

"पाण्याची पिशवी अध्यक्षांच्या घरची होती. आईच्या नावाने ठेवलेलं तेल काल दुपारी भज्यांत गेलं. मी न सांगता आले आणि ओव्याच्या पानांची भजी मागितली. घरात दुसरं तेल नव्हतं. पोरीने पाहुणीचा मान राखला, आणि मग आईला उष्टं नको म्हणून पाणी घातलं. पिशवीत तेल नव्हतं हे मावशीला कालपासून माहीत आहे. तुम्ही तिला चोर म्हणालात तरी ती बोलली नाही. सकाळी तुमच्याकडून टाळ्या घेतल्या ती मी. आईचं तेल खाल्लं तीही मीच. नाक मी घासते."

मी वाकले. फरशी उन्हाने तापली होती. नाकाला चटका बसला, बरंच वाटलं.

वर बघितलं तर महेश पांढराफटक पडला होता. त्याने सुवर्णाकडे बघितलं. ती माझ्यामागे उभी होती, मान खाली. मला वाटलं, आता हा तिच्यावर हात उगारतो की काय. पण त्याने पायातली चप्पल काढली.

"मी तीनदा मागून घेतली," तो म्हणाला. आवाज बसला होता. "आणि तेल आणायचं मला चार दिवस सांगत होती ती."

तो माझ्या पलीकडे गुडघ्यावर बसला. मग लाजेने अर्धमेले किशोरही आले, पँट सांभाळत. आम्ही तिघांनी ओळीने नाकं घासली. हसायला हवं होतं कुणीतरी, पण कुणी हसलं नाही. सकाळी मागे सरलेल्या बायका एकेक करून मावशीच्या पाया पडू लागल्या, तेव्हा ती करवादली, "एका दिवसात किती वेळा पडाल गं? चला, पुऱ्या गार व्हायल्या." आणि लुगडं खांद्यावर टाकून ती पुंजाच्या हाताला कोरफड लावायला गेली.

निघताना मावशी गाडीपाशी आली. तिच्या हातात मोगऱ्याचं कलम होतं. पिशवीत ओली माती भरलेली, तळाला भोकं पाडलेली, आणि वरची कड एका कोपऱ्याला दातेरी.

"घे. माहेरवाशिणीला रिकाम्या हाती नाय धाडत," ती म्हणाली.

ते आता माझ्या नाशिकच्या गॅलरीत आहे. किशोर म्हणतात, चांगल्या कुंडीत लाव. मी लावत नाही. रोज सकाळी त्या पिशवीत तांब्याभर पाणी घालते, आणि घालताना माझी मान आपोआप खाली जाते.